लाळेचं वजन

घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ती कोरड किती पडावी हे काही प्रमाणात आधी ठरवता येतं, आणि संगणकासमोर बसलेला कुणीतरी ते ठरवत असतो, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. मी त्या बसणाऱ्यांपैकी एक. पेशानं वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ. पेशंट डॉक्टरांना ओळखतो, मशीन चालवणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टला ओळखतो, सिस्टरना तर नावानं ओळखतो; आम्ही त्याला सहसा दिसतच नाही. आमच्या कामाला ‘ट्रीटमेंट प्लॅनिंग’ म्हणतात आणि त्यात रोज एक आकडा टाइप करावा लागतो. सॉफ्टवेअर त्याला ‘वेट’ म्हणतं. मराठीत सरळ ‘वजन’ म्हणू. हा आकडा गणितातला दिसतो, पण त्याचा जन्म गणितात झालेला नाही. त्याबद्दल हा लेख.

आधी कामाची पद्धत सांगतो, कारण प्रश्न तिच्यातच दडलेला आहे.

पेशंटला टेबलावर उताणं झोपवून, गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी त्याच्या चेहऱ्यावर आणि खांद्यांवर ताणून बसवतात. काही मिनिटांत ती कडक होते. हा त्याचा मुखवटा. पुढचे सहा-सात आठवडे रोज तो चेहऱ्यावर चढवून टेबलाला खिळवायचा, म्हणजे मान फारशी हलत नाही. मुखवटा घालूनच सीटी स्कॅन होतो. मग डॉक्टर स्कॅनच्या एकेका चकतीवर रेषा काढत जातात. हा दिसणारा ट्यूमर. ही त्याच्या आसपासची, न दिसणारी पण संशयित जागा. हा हालचालीसाठी आणि अनिश्चिततेसाठी सोडलेला तीन ते पाच मिलिमीटरचा काठ. नंतर जपायचे अवयव: मज्जारज्जू, मेंदूचा देठ, दोन्ही कानांखालच्या लाळग्रंथी, जबडा, स्वरयंत्र.

मात्रा मोजायची ‘ग्रे’मध्ये. एक किलो शरीराला एक ज्यूल ऊर्जा मिळाली की एक ग्रे. घशाच्या किंवा स्वरयंत्राच्या कॅन्सरला ऑपरेशनशिवाय बरं करायचं तर साधारण ७० ग्रे लागतात. रोज दोन, आठवड्याचे पाच दिवस, सात आठवडे. गालाच्या कॅन्सरला, जो तंबाखूमुळे आपल्याकडे फार, सहसा आधी ऑपरेशन आणि मग ६० ग्रे. आमच्याकडे येणारे बरेच लोक याला ‘लाइट’ म्हणतात, काही ‘शेक’ म्हणतात. शेक हा शब्द मला आवडतो, पण तो फसवा आहे. ७० ग्रेमधली सगळी ऊर्जा एकदम दिली तरी मांसाचं तापमान साधारण एका अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकंच वाढेल. गरम चहाचा घोट याहून जास्त शेकतो. किरणांचं काम वेगळ्याच पातळीवर चालतं, ते पेशीतला डीएनए तोडतात. कॅन्सरच्या पेशीचा तोडतात तसाच वाटेत आलेल्या लाळग्रंथीच्या पेशीचाही.

पूर्वी प्लॅन करणारा माणूस किरण कुठून सोडायचे ते स्वतः ठरवायचा आणि मात्रा कुठे किती पडते ते बघायचा. १९८०च्या दशकात स्टॉकहोमच्या आंदेर्स ब्राह्मे आणि इतर काही जणांनी हा प्रश्न उलटा केला. आधी काय हवं ते सांगा, किरण कसे सोडायचे ते गणित शोधेल. आजची मशीन याच तत्त्वावर चालतात. यंत्राचं डोकं पेशंटभोवती फिरतं, त्याच्या तोंडाशी टंगस्टनच्या शंभराहून जास्त पट्ट्या सतत आत-बाहेर सरकतात आणि किरणांचा आकार क्षणाक्षणाला बदलतात.

आता ‘काय हवं’ ते सांगायचं. ट्यूमरला ७० पडू देत. मज्जारज्जूला ४५च्या वर जाऊ देऊ नकोस. लाळग्रंथीची सरासरी २६च्या खाली ठेव. यादी अशी वीस-पंचवीस ओळींची होते आणि त्यातलं सगळं एकाच वेळी जवळजवळ कधीच मिळत नाही. टॉन्सिलच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. मानेतल्या ज्या गाठींना पूर्ण मात्रा द्यायची, त्या लाळग्रंथीच्या आतल्या कडेला चिकटून असतात. गाठींना ७० आणि दोन मिलिमीटर पलीकडे २०, असं होत नाही. मात्रा उताराउतारानं खाली येते. लाळग्रंथी वाचवायचा हट्ट धरला तर तेच किरण तोंडाच्या पुढच्या भागात, स्वरयंत्रात, नाहीतर मानेच्या मागच्या बाजूला जातात. किरण नाहीसे करता येत नाहीत, फक्त सरकवता येतात. म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे वजन लिहायचं. कुठली इच्छा किती मोडली हे संगणक मोजतो, त्या मोडण्याला तिच्या वजनानं गुणतो, सगळ्याची बेरीज करतो, आणि ज्या मांडणीत बेरीज सगळ्यात कमी येते ती मांडणी ‘ऑप्टिमम’ म्हणून पुढे ठेवतो. पारिभाषिक मराठीत ‘इष्टतम’. इष्ट कुणाला, ते त्या शब्दात सांगितलेलं नाही.

मराठीत एखाद्याच्या शब्दाला वजन असतं, एखाद्याचं कचेरीत वजन असतं. सॉफ्टवेअरमधलं वजनही त्याच जातीचं आहे. लाळग्रंथीपुढे ५० आणि गिळण्याच्या स्नायूंपुढे १० लिहिलं, तर वाटाघाटीत लाळेचा शब्द पाचपट ऐकला जाईल. ५० हा आकडा कुठल्याही प्रयोगशाळेत मोजलेला नसतो. विभागात पूर्वीपासून चालत आलेला असतो, वरिष्ठांकडून शिकलेला असतो, किंवा ‘एवढं दिलं की प्लॅन बरा येतो’ या अनुभवातून आलेला असतो. अनुभव खोटा असतो असं मी म्हणत नाही. पण ‘बरा’ म्हणजे काय हे त्यात आधीच ठरलेलं असतं.

जेरेमी बेंथमनं १७८९मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुखदुःखाची बेरीज करून योग्य कृती ठरवण्याची कल्पना मांडली, आणि त्याच्यानंतरच्या लोकांनी तिची बरीच थट्टा केली. सुखदुःख एका मापानं मोजायचं तरी कसं? आम्ही ते रोज करतो, तेही दोन तासांत. फक्त त्याला उपयुक्ततावाद म्हणत नाही, ‘कॉस्ट फंक्शन’ म्हणतो.

वजनाच्याही आधीची एक पायरी आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. ज्याची रेषाच काढलेली नाही त्याला वजन देता येत नाही. संगणकाच्या दृष्टीनं तो अवयव नसतोच. तिथे नुसतं मांस असतं आणि कुठूनतरी सरकवलेले किरण तिथे निमूटपणे जाऊन पडतात.

मिशिगन विद्यापीठातल्या अव्राहम आइसब्रुख आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये दाखवलं की कानाखालच्या लाळग्रंथीला सरासरी २६ ग्रेपेक्षा कमी मात्रा मिळाली तर तिचं काम बऱ्याच अंशी परत येतं. लाळग्रंथीला आकडा मिळाला, आणि आकडा मिळाला की यादीत जागा मिळते. ब्रिटनमधल्या ‘पारस्पोर्ट’ चाचणीत ९४ पेशंटना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. जुन्या पद्धतीनं रेडिएशन घेतलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना वर्षानंतरही त्रासदायक कोरड होती. लाळग्रंथी जपणाऱ्या नव्या पद्धतीत ३८ टक्के. हे निकाल २०११मध्ये आले. मुंबईच्या टाटा मेमोरियलनंही ६० पेशंटवर अशी तुलना करून २०१२मध्ये प्रसिद्ध केली, आणि तिथेही लाळेचं नुकसान कमी दिसलं. हे यश खरं आहे. ज्यांनी कोरड्या तोंडाच्या माणसासोबत एक दिवस काढला आहे त्यांना ७४ आणि ३८ मधला फरक समजावून सांगावा लागणार नाही. त्याच्या हातात पाण्याची बाटली असते, रात्री दोनदा-तीनदा घोट घ्यायला उठावं लागतं, दात किडतात. भाकरी डाळीत किंवा दुधात भिजवून लगदा झाल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. ज्याला आयुष्यभर भाकरी कोरड्यास आणि ठेच्याबरोबर खायची सवय, त्याच्या ताटातून आधी ठेचा जातो, मग भाकरी. लग्नाच्या पंगतीला तो बसत नाही, ‘नंतर जेवतो’ म्हणतो.

पण या सगळ्या काळात गिळण्याच्या स्नायूंची रेषा बहुतेक ठिकाणी काढलीच जात नव्हती. घशाच्या मागच्या भिंतीत आकुंचन पावून घास खाली ढकलणारे हे पातळ स्नायू. केमोथेरपी आणि रेडिएशननंतर गिळताना नेमकं काय बिघडतं, कुठल्या रचना दुखावतात, हे आइसब्रुख यांच्याच गटानं २००४मध्ये मांडलं. ते जपल्यानं खरंच फायदा होतो का, याची मोठी चाचणी, ‘डार्स’, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ११२ पेशंटवर झाली आणि तिचे निकाल २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. गिळण्याच्या १०० गुणांच्या प्रश्नावलीत वर्षानंतर ७७.७ विरुद्ध ७०.६. म्हणजे अवयव ओळखला गेल्यापासून त्याच्या बाजूनं भक्कम पुरावा उभा राहीपर्यंत जवळजवळ दोन दशकं गेली. या काळात किती तरी उत्तम प्लॅन झाले, ज्यांत लाळग्रंथी वाचली आणि तिचे किरण मधल्या बिनरेषेच्या जागेत गेले. कुणी वाईट वागलं नाही. सगळे नियमाप्रमाणे इष्टतम होते.

आज बिनरेषेचं काय उरलंय याचा विचार मी कधीकधी करतो. जिभेवरच्या चवीसाठी वेगळी रेषा फार थोड्या ठिकाणी काढली जाते. वासाच्या संवेदनेची मी तरी पाहिलेली नाही.

तर मग सगळंच बेरजेवर सोडलेलं असतं का? नाही. यादीत दोन प्रकारच्या ओळी असतात आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्या पाहून गंमत वाटेल. काही ओळी वजनाच्या असतात, त्या तडजोडीला तयार असतात. काही मात्र मर्यादेच्या असतात, त्यांच्यावर सौदा नाही. मज्जारज्जू या दुसऱ्या वर्गात येतो. लाळग्रंथी कितीही वाचत असली, ट्यूमरला कितीही बरी मात्रा मिळत असली, तरी मज्जारज्जूची मर्यादा ओलांडायची नाही, कारण ती ओलांडली तर माणूस मानेखाली लुळा पडू शकतो. एकाच पडद्यावर बेंथम आणि कांट शेजारी बसलेले असतात: एक म्हणतो बेरीज करा, दुसरा म्हणतो काही गोष्टी बेरजेत घ्यायच्याच नाहीत.

जवळून पाहिलं की कांटही थोडा डळमळतो. २०१०मध्ये तोवरचे पुरावे एकत्र करून जी मार्गदर्शक सूत्रं निघाली, त्यांच्या अंदाजानुसार मज्जारज्जूला ५० ग्रे मिळाले तर इजेची शक्यता हजारात दोन, ६० ग्रेला शंभरात सहा, आणि ६९ ग्रेच्या आसपास पन्नास टक्के. म्हणजे ५०ला ‘कधीच नाही’ असं नाव दिलेली रेषा मुळात ‘हजारात दोन चालतील’ अशी आहे. कुणीतरी कधीतरी ही तडजोड केली आणि मग तिच्यावर ‘सौदा नाही’ अशी पाटी लावली. मला यात ढोंग दिसत नाही. तडजोड एकदाच, शांतपणे, अनेकांनी मिळून करावी आणि नंतर दर पेशंटपाशी ती उकरू नये, यात शहाणपण आहे. संध्याकाळी सहा वाजता, दिवसातला पाचवा प्लॅन करणाऱ्या थकलेल्या माणसाच्या हाती मज्जारज्जूचा सौदा असू नये.

लाळ, गिळणं, आवाज आणि चव यांच्याबाबतीत असं एकदाच ठरवून टाकणं का अवघड आहे, ते बघायचं तर पारेटोकडे जावं लागतं. विल्फ्रेदो पारेटो हा इटालियन अर्थतज्ज्ञ. कुणाचंही नुकसान न करता कुणाचंही आणखी भलं करता येत नाही, अशा स्थितीला त्याचं नाव मिळालं. अलीकडची प्लॅनिंग सॉफ्टवेअर हीच कल्पना वापरतात. वजनं टाइप करायला न लावता ती पारेटोच्या कडेवरचे अनेक प्लॅन आधीच काढून ठेवतात आणि पडद्यावर सरकपट्ट्या देतात. लाळग्रंथीची पट्टी डावीकडे ओढली की स्वरयंत्राची आपोआप उजवीकडे सरकते. वजनाचा आकडा जे लपवत होता ते इथे डोळ्यांदेखत घडतं: याला दिलं की त्याचं गेलं. डॉक्टर शेजारी बसून पट्ट्या सरकवतात आणि दहा मिनिटांत एका जागी थांबतात. गणित आपल्याला कडेपर्यंत आणून सोडतं. कडेवर कुठे उभं राहायचं, ते गणितात नाही.

पारेटोच्या या तोकडेपणाबद्दल सगळ्यात नेमकं लिहिलं ते अमर्त्य सेन यांनी, १९७०च्या ‘कलेक्टिव्ह चॉइस अँड सोशल वेल्फेअर’मध्ये आणि नंतरही. समाजात काही जण ऐषारामात आणि काही उपासमारीत असले, आणि श्रीमंतांचं काही काढून घेतल्याशिवाय भुकेल्यांना काही देता येत नसेल, तर ती स्थितीही पारेटोच्या कसोटीवर इष्टतमच ठरते. आमच्या पडद्यावर याचं भाषांतर सोपं आहे. लाळग्रंथी कोरीकरकरीत ठेवून सगळा भार गिळण्याच्या स्नायूंवर टाकणारा प्लॅनही कडेवरच असतो आणि सॉफ्टवेअर त्याच्याबद्दल काहीही तक्रार करत नाही.

सेन यांचं नाव इथे निव्वळ सिद्धांतासाठी आलेलं नाही. १९५२ साली, कलकत्त्यात शिकत असताना, अठराव्या वर्षी त्यांना टाळूवर गाठ लागली. ती आधी लक्षात आली त्यांच्याच. तोंडाचा कॅन्सर निघाला आणि त्याच शहरात त्यांच्यावर रेडिएशनचे उपचार झाले. तेव्हा सीटी स्कॅन नव्हता, अवयवांच्या रेषा नव्हत्या, वजनं नव्हती. होती ती मोठी मात्रा आणि आशा. आपण कशाच्या बदल्यात काय पत्करतोय याची कल्पना त्या वेळी ना डॉक्टरांना पुरती देता आली असती, ना पेशंटला पुरती घेता आली असती. त्यानंतर सात दशकांहून अधिक काळ ते बोलत, शिकवत, लिहीत आले आहेत. सामाजिक निवडीचं शास्त्र ज्यानं पुढे नेलं त्याच्या टाळूवरून हे किरण गेले होते, याचा सिद्धांताशी काही संबंध जोडायची मला इच्छा नाही. पण पारेटोच्या पट्ट्या सरकवताना ते आठवतं खरं.

आता मूळ प्रश्न. कडेवर कुठे थांबायचं ते कुणी ठरवावं?

समजा, एक कीर्तनकार आहे. आवाज हे त्याचं पोट आणि त्याची ओळख. आणि समजा, दुसरा एक शेतकरी आहे, स्वभावानं अबोल, पण दिवसभर शेतात आणि दुपारी बांधावर बसून कोरडी भाकरी खाणारा. दोघांचा ट्यूमर सारख्याच जागी, सारख्याच आकाराचा. आमच्या यादीत दोघांपुढे सारखीच वजनं असतात. पहिल्याच्या स्वरयंत्राला थोडं झुकतं माप आणि दुसऱ्याच्या लाळेला, असं कुणी केलं तर ते अन्याय्य होईल, की सारखंच ठेवणं अन्याय्य आहे?

बार्बरा मॅकनील आणि सहकाऱ्यांनी १९८१मध्ये ३७ निरोगी लोकांना, अग्निशमन दलाचे जवान आणि कंपन्यांतले अधिकारी, स्वरयंत्राच्या कॅन्सरबद्दल विचारलं होतं. ऑपरेशननं जगण्याची शक्यता जास्त पण आवाज जाणार. रेडिएशननं आवाज राहील पण जगण्याची शक्यता कमी. साधारण पाचातल्या एकानं आवाज निवडला. याचा अर्थ पाचातले चार जण जगणं निवडतात असाही होतो, आणि अभ्यासाचं सार तेच मानणारे आहेत. मला तो पाचवा माणूस महत्त्वाचा वाटतो. सर्वांना एकच वजन लावणाऱ्या यादीत त्याला जागा नाही.

विचारावं, हे म्हणणं सोपं आहे. त्याच्याविरुद्धचे मुद्देही हलके नाहीत. निरोगी माणसाला कोरडं तोंड म्हणजे काय ते कळत नाही. ते कळतं नंतर, आणि तेव्हा प्लॅन बदलता येत नाही. उपचारांआधी विचारलं तर बहुतेक पेशंट सांगतात, काहीही होऊ दे, रोग गेला पाहिजे. दोन वर्षांनी रोग गेलेला असतो आणि लाळ आठवत राहते. यातला खरा माणूस कोणता, आधीचा की नंतरचा? दोन्ही तोच. आणि ज्याला आठवड्याभरापूर्वी कॅन्सर असल्याचं कळलंय, त्याच्यापुढे सरकपट्ट्या ठेवणं ही वेगळ्या प्रकारची क्रूरता ठरू शकते. ‘डॉक्टर, तुम्हीच काय ते बघा,’ हे वाक्य अडाणीपणातून येतं असं समजणाऱ्यांशी माझं पटत नाही. आपलं ओझं उचलायला दुसरं कुणी आहे या विश्वासातून ते येतं, आणि आजारी माणसाला तो विश्वास ठेवायचा हक्क आहे.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. बऱ्याचदा विचारायचं कुणाला तेच निसटतं. मुलगा बाहेर गाठून सांगतो, ‘बाबांना कॅन्सर शब्द सांगू नका हं, खचतील ते. त्यांना गाठ आहे एवढंच सांगितलंय.’ म्हातारबाबा आत मुखवट्याच्या मापाला बसलेले असतात आणि त्यांना सगळं माहीत असतं. मुलगा खचेल म्हणून तेही बोलत नाहीत. प्रेमाच्या या दुहेरी भिंतीमुळे ज्याचं तोंड आहे त्याचंच मत यादीपर्यंत पोचत नाही. फॉर्मवर सही मुलाची, नाहीतर जावयाची.

तरीही मला वाटतं, विचारता येतं, फक्त ग्रेमध्ये विचारायचं नसतं. ‘काका, दिवसभर काय करता?’, ‘घरी कोण कोण असतं, जेवायला एकत्र बसता का?’, ‘गाता का, भजनाला जाता का, शाळेत शिकवता का?’ या प्रश्नांना कुणीही घाबरत नाही, आणि त्यांची उत्तरं पट्टी कुठे थांबवायची ते बऱ्यापैकी सांगतात. काही डॉक्टर हे करतातच, गप्पा मारता मारता. अडचण अशी की गप्पा ओपीडीच्या खोलीत राहतात आणि वजनं दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत टाइप होतात. पेशंटच्या फाइलमध्ये ट्यूमरची स्टेज असते, किडनीचे रिपोर्ट असतात, हृदयाचे असतात. ‘कीर्तनकार’ हा शब्द कुठल्याच रकान्यात नसतो. तेवढा एक रकाना असावा, इतकी माझी माफक मागणी आहे.

माफक अशासाठी, की निवडीला वाव नेहमीच मोठा नसतो. पुष्कळदा ट्यूमरच सगळं ठरवून बसलेला असतो. तो लाळग्रंथीतच घुसला असेल तर लाळग्रंथी वाचवायचं नाव काढायचं नाही. आणि लाळेसाठी ट्यूमरच्या कडेची मात्रा कमी करणं हा मोह तर भलताच धोक्याचा. तिथे रोग परत आला तर लाळ कुणासाठी वाचवली? मी बोलतोय ते रोगाला पूर्ण मात्रा दिल्यानंतर उरणाऱ्या जागेबद्दल. ती जागा कधी तळहाताएवढी असते, कधी नखाएवढी.

अलीकडे हे काम संगणकाकडेच सोपवायची लाट आली आहे. जुन्या शेकडो प्लॅनवरून शिकून सॉफ्टवेअर नवा प्लॅन काही मिनिटांत देतं. याचे फायदे मी कमी लेखणार नाही. जिल्ह्याच्या गावातल्या नव्या सेंटरमध्ये, जिथे एकच भौतिकशास्त्रज्ञ आहे, तिथल्या पेशंटला मोठ्या शहराच्या तोडीचा प्लॅन मिळू शकतो, आणि माणसाच्या थकव्यावर अवलंबून असलेला फरक कमी होतो. पण शिकलेलं सॉफ्टवेअर वजनंही शिकतं. ज्या प्लॅनवरून ते शिकलं त्यात गिळण्याच्या स्नायूंची रेषा नसेल, तर ती रेषा नसणंही ते शिकेल. पूर्वी ५० का, असं निदान कुणाला तरी विचारता येत होतं. त्यानं ‘सरांनी सांगितलं’ असं उत्तर दिलं असतं, पण मग सरांना विचारता आलं असतं.

आणि एक वजन असं आहे जे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकता येत नाही, कारण सॉफ्टवेअरच्या लेखी जग पेशंटच्या कातडीपाशी संपतं. बाहेर रांग असते. मुंबईत उपचार घ्यायला आलेली माणसं परळच्या फुटपाथवर राहतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब समजतात. त्यांचा प्रत्येक वाढीव दिवस रोजगार बुडवून काढलेला असतो. चांगला प्लॅन करायला जास्त वेळ लागतो, तपासायला लागतो, काही वेळा मशीनवर द्यायलाही लागतो. या रोगात उशीर निरुपद्रवी नसतो. सुरू झालेला उपचार लांबला तर दर दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एका टक्क्यानं किंवा थोडी जास्तच घटते, कारण तीन-चार आठवड्यांनंतर उरलेल्या पेशी वेगानं वाढू लागतात. सुरू व्हायलाच उशीर झाला तर गाठ मोठी होते. जिथे कोबाल्टचं मशीन आहे, आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं घडवलेलं भाभाट्रॉन असेल किंवा परदेशी, तिथे रांगेचं आणखी एक कारण मशीनच्या पोटातच असतं. कोबाल्ट-६० दर सव्वापाच वर्षांनी निम्मं होतं. तीच मात्रा द्यायला मग दुप्पट मिनिटं लागतात, आणि स्रोत बदलेपर्यंत रांग आपोआप लांबत जाते.

म्हणून एका पेशंटची लाळ २८ ग्रेवरून २५वर आणायला मी आणखी तीन तास घालवले तर ते तीन तास कुणाचे असतात, हा प्रश्न मला लाळ विरुद्ध आवाज या प्रश्नाइतकाच खरा वाटतो. त्याला पेशंटचं मत विचारूनही उत्तर मिळत नाही, कारण ज्याचं मत घ्यायचं तो अजून आमच्या यादीत आलेलाच नसतो.

चौथ्या आठवड्याच्या सुमाराला हे फार ठळकपणे समोर येतं. तोंड सोलून निघालेलं असतं, जेवण जात नाही, पेशंटचं वजन पाच-सहा किलोनं उतरतं, इथे मात्र खरंखुरं वजन. गाल बसतात आणि मुखवटा सैल होतो. लाळग्रंथी आक्रसतात आणि आतल्या बाजूला, म्हणजे नेमक्या जास्त मात्रेकडे सरकतात. सुरुवातीला २५वर आणलेली सरासरी आता प्रत्यक्षात किती पडतेय, ते नवा स्कॅन काढून, सगळ्या रेषा पुन्हा काढून, प्लॅन पुन्हा केल्याशिवाय कळत नाही. त्याला एक अख्खा दिवस जातो. त्याच सकाळी नव्या दोन पेशंटचे स्कॅन येऊन पडलेले असतात, त्यातल्या एकाला श्वास घ्यायला त्रास होतोय अशी चिठ्ठी वर लावलेली असते. मुखवटा फारच सैल असेल आणि मज्जारज्जूची मर्यादा धोक्यात येत असेल, तर निर्णय सोपा असतो, जुना पेशंट आधी. मुखवटा जेमतेम बसत असेल आणि प्रश्न फक्त लाळेचा असेल, तर बहुतेक विभागांत श्वासवाला आधी घेतला जातो आणि जुन्याचा नवा स्कॅन सोमवारी ठेवतात. शुक्रवारचा दिवस तो जुन्याच प्लॅनवर घेतो. मुखवट्याच्या आत कपाळाशी कापसाची एक घडी सरकवलेली असते, म्हणजे डोकं हलू नये.